पिलाने काय चघळावे?

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

गेल्या कार्तिकात आमच्या बेळगावच्या घरी मुधोळकडचे एक पिलू आले. दोन महिन्यांचे, लांबट तोंडाचे, काटक पायांचे. आणि डोळ्यांत भाव असा की, या घरात आपणच पूर्वीपासून राहत आहोत आणि ही माणसे नुकतीच बिऱ्हाड करावयास आली आहेत. नातीने त्याचे नाव 'वाऱ्या' ठेवले. पहिला महिना कौतुकात गेला. पुढे एके दिवशी सकाळी फिरावयास निघालो, तो माझ्या कोल्हापुरी पायताणाचा अंगठाच नाहीसा झालेला. दुसऱ्या दिवशी देवघरातल्या पाटाचा कोपरा गेला. तिसऱ्या दिवशी नातीच्या दप्तराचा पट्टा गेला, आणि मग मात्र घरात वाद सुरू झाला.

पायताणाविषयी मला फारसे वाईट वाटले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील ४ आणि आपल्या बाजूच्या बेळगाव, धारवाड, विजापूर व बागलकोट अशा ४ जिल्ह्यांना मिळून. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातलेच. तेव्हा आपल्याच जिल्ह्याच्या मालाची पारख वाऱ्याने केली, असे मी म्हटले. परंतु सूनबाईंना हा विनोद रुचला नाही. तेवढ्यात शेजारचे अण्णा भिंतीवरून डोकावून म्हणाले, "अहो, कुत्र्याची जात ती. मटणाचे एखादे हाड टाका पुढ्यात, म्हणजे चार तास निवांत!"

अण्णांनी हे भल्या मनानेच सांगितले. हाच सल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल, दिलाही असेल. पण तो ऐकताच माझ्या पोटात धस्स झाले. त्याचे कारण सांगावयाचे म्हणजे मला थोडे मागे जावे लागेल.

१९८४ साली आमच्याकडे मोती नावाचा गावठी कुत्रा होता. सहा-सात महिन्यांचा असेल. घरी बहिणीच्या मुलाच्या बारशाचे जेवण झाले, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पंगतीत सामिष बेत होता. पाने काढताना रश्श्यात शिजलेली हाडे मी माझ्या हाताने गोळा केली आणि मोठ्या प्रेमाने मोतीपुढे ठेवली. त्याने ती कराकरा फोडून खाल्ली. त्याचा तो आनंद पाहून मलाही समाधान वाटले. रात्री त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. सकाळी तो पाठ कमानीसारखी वाकवून कोपऱ्यात उभा होता. बसेना, की पाणी पिईना. घरच्यांनी एरंडेल पाजले. तिसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे नेले तेव्हा वेळ टळून गेली होती. हाडाच्या एका अणकुचीदार तुकड्याने आतडे फाडले होते. मोतीला कोणी विष घातले नव्हते, कोणी दगड मारला नव्हता. त्याला मारले ते माझ्या अज्ञानाने. आज चाळीस वर्षे उलटून गेली, तरी शिजलेले हाड दिसले की मला ती वाकलेली पाठ आठवते. म्हणून आजचा विषय वरवर क्षुल्लक वाटला, तरी तो मला क्षुल्लक वाटत नाही. पिलाला चघळावयास काय द्यावे, आणि काय देऊ नये, एवढाच तो विषय.

मी पशुवैद्य नव्हे. कुत्री बाळगणारा एक सामान्य गृहस्थ आहे. पशुवैद्यांकडून जे शिकलो आणि घरी जे अनुभवास आले, तेच आपणापुढे ठेवतो.

प्रथम हा प्रश्न पाहू की, पिलू चघळते का? आपण त्याला खोडी म्हणतो. वस्तुतः ती त्याची गरज असते. कुत्र्याचे पिलू जन्मते तेव्हा बोळके असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याला दुधाचे दात येऊ लागतात, आणि दोन महिन्यांचे होईतो असे २८ दात पुरे होतात. हे दात सुईसारखे बारीक व टोकदार असतात. पुढे साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात. प्रथम समोरचे पटाशीचे दात, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येऊन तोंड भरते. म्हणजे चार महिन्यांपासून सात महिन्यांपर्यंत पिलाच्या हिरड्या सतत ठणकत असतात, शिवशिवत असतात. आपल्या घरातले तान्हे मूल दात येताना जे हाती लागेल ते तोंडात घालते, त्यातलाच हा प्रकार. भेद एवढाच की, मुलाच्या हाती आपण खुळखुळा देतो, आणि पिलाच्या हाती काहीच न देता त्याने पायताण घेतले की ओरडतो.

या दिवसांत फरशीवर तांदळाएवढा एखादा दात सापडतो, चघळलेल्या वस्तूवर रक्ताचा पुसट डाग दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये. बरेचसे दात पिलू गिळूनही टाकते. त्यानेही काही बिघडत नाही. मात्र नवा सुळा वर आला आणि जुना दुधाचा सुळा त्याच्या शेजारी तसाच उभा राहिला, तर पशुवैद्याला दाखवावे. दोघांच्या दाटीत अन्न अडकते आणि नव्या दाताची जागा चुकते.

हिरड्यांच्या ठणक्याखेरीज चघळण्याला आणखीही एक कारण आहे. चघळताना कुत्र्याचे मन शांत होते. एकटे राहिलेले, कंटाळलेले, धावावयास न मिळालेले पिलू अधिक कुरतडते. मुधोळ जातीसारख्या शिकारी कुत्र्याच्या बाबतीत तर हे फारच खरे. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी जी जात जोपासली ती माळरानावर सशामागे धावण्यासाठी. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. अशा जातीचे पिलू दिवसभर साखळीला बांधले, तर ते साखळीसुद्धा चघळील. तेव्हा चघळावयास देणे हा धावण्याला पर्याय नव्हे, ही गोष्ट आधी ध्यानात ठेवावी.

आता वस्तूची पारख कशी करावी? पशुवैद्य एक साधी कसोटी सांगतात. वस्तूवर आपल्या अंगठ्याचे नख जोराने दाबावे. नखाची खूण उमटली तर वस्तू पिलाच्या दातास सोसेल. खूण उमटलीच नाही तर ती फार कठीण आहे असे समजावे. दुसरी कसोटी गुडघ्याची. ती वस्तू आपल्या गुडघ्याच्या वाटीवर मारली तर आपणास लागेल असे वाटते काय? वाटत असेल, तर ती पिलाच्या दातावरही आघातच करील. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात मागे मांस कातरण्याची एक मोठी दाढ असते. कठीण वस्तू चावताना बहुधा हीच दाढ उभी तडकते, आणि तिची कपची निघून आतली नस उघडी पडते. कुत्रा मुका जीव. तो दुखणे सांगत नाही. एका बाजूनेच खातो, आणि आपणास वाटते की त्याची ती सवयच आहे.

तिसरी कसोटी आकाराची. वस्तू पिलाच्या तोंडाच्या लांबीहून मोठी असावी, म्हणजे ती सबंध घशात जाणार नाही. पिलू वाढते तसा हा हिशेबही वाढला पाहिजे; दोन महिन्यांच्या पिलासाठी जी वस्तू मोठी, ती पाचव्या महिन्यात एका घासाची होते. आणि चौथी कसोटी ही की, ती वस्तू तुटते कशी? भुगा होऊन झिजत असेल तर बरी. टोकदार कपच्या निघत असतील, किंवा लांब धागे सुटत असतील, तर नको.

या चार कसोट्या घेऊन आपण आता घरातल्या व बाजारातल्या वस्तू तपासू.

पहिले हाडच घेऊ. शिजवलेले हाड, मग ते कोंबडीचे असो की बकऱ्याचे, कधीही देऊ नये. शिजल्याने हाड ठिसूळ होते आणि काचेसारखे टोकदार फुटते. मोतीची कथा मी सांगितलीच. कच्चे हाड तसे फुटत नाही हे खरे. परंतु मोठे, जड हाड दात फोडते, आणि नळीचे गोल कापलेले हाड खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे बांगडीसारखे अडकून बसते. शिवाय कच्च्या मांसाबरोबर साल्मोनेलासारखे जंतू घरात येतात. ज्या जमिनीवर पिलू हाड चघळते, त्याच जमिनीवर आपली लहान मुले रांगतात. म्हणून मी माझ्यापुरता हा प्रश्न सोडवून टाकला आहे: हाड नाही. "कुत्र्याला हाडातून चुना मिळतो," असे कोणी म्हणतात. वाढत्या पिलाला चुन्याची गरज असते, पण ती त्याच्या रोजच्या समतोल आहारातून भागावी. मोठ्या जातीच्या पिलांना चुना वाजवीपेक्षा जास्त झाला, तर त्यांच्या हाडांची वाढ उलट बिघडते.

दुसरी वस्तू शिंगे व खूर. बाजारात गुरा-म्हशींची शिंगे, खूर वाळवून विकतात. नखाची कसोटी लावून पाहा. दोन्ही नापास होतात. परदेशांत हरणांची गळून पडलेली शिंगे कुत्र्यांना देतात. आपल्याकडे चितळ-सांबराच्या शिंगांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली निषिद्ध आहे, आणि कायदा नसता तरी दातांचा कायदा आडवा आलाच असता. ती दगडासारखी कठीण असतात.

तिसरी वस्तू कच्च्या चामड्याची. हाडाच्या आकाराच्या गाठी बांधलेली ही पांढुरकी कांडी दुकानात सर्वांत पुढे मांडलेली असते. गुराच्या कातड्याचा आतला थर चुनखडीने व रसायनांनी स्वच्छ करून, वाळवून ती बनवितात. ती 'नैसर्गिक' म्हणून खपते. पण श्रोतेहो, मूळ पदार्थ निसर्गाचा आहे एवढ्याने तो पोटाला सोसतोच असे नाही. माझे पायताणही नैसर्गिकच होते. चामड्याचा मोठा तुकडा गिळला गेला तर तो पचावयास फार वेळ लागतो, पाण्याने फुगतो, आणि घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. अधाशी पिलू शेवटचा तुकडा हमखास गिळते. आणि एक व्यावहारिक गोष्ट. चामड्याची चव एकदा लागली की पायताण आणि कांडी यांतला भेद पिलाला कोण समजावणार? आपण ज्या गोष्टीपासून त्याला दूर ठेवू पाहतो तिचीच शिकवण आपण पैसे देऊन देत असतो.

म्हशीचे वाळवलेले कान, पायाच्या कंडरा, गळ्याची नळी, वाळवलेले मांसल दांडे असेही पदार्थ आता शहरांतील दुकानांत मिळतात. हे चामड्यापेक्षा लवकर पचतात आणि दातालाही बरे. ज्यांच्या घरी सामिष वस्तूंना हरकत नाही, त्यांनी त्यातले योग्य ते निवडण्यास हरकत नाही. मात्र वेष्टनावर मीठ, रंग, साखर घातलेली नाही ना, आणि पदार्थ कोणत्या प्राण्याचा आहे, हे वाचून घ्यावे. हे पदार्थ पौष्टिक आहेत, म्हणूनच ते बेताने द्यावेत. वरखर्चाच्या खाऊतून पिलाला दिवसाच्या एकूण अन्नाच्या पोषणाचा दहावा हिस्सा मिळाला, तर पुरे. त्याहून जास्त झाले तर पिलू जेवणाकडे पाठ फिरविते. गोव्याकडच्या व कोकणातल्या श्रोत्यांना सुक्या मासळीचा मोह होईल. परंतु आपली सुकी मासळी मिठात मुरवलेली असते. ती पिलासाठी नव्हे.

अलीकडे आणखी एक पदार्थ फार लोकप्रिय झाला आहे, तो म्हणजे छुर्पी. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग या डोंगरी मुलखात याकच्या वा चौरी गाईच्या दुधाचा चोथा काढून, तो दाबून, वाळवून, धुरावर धरून त्याच्या कांड्या करतात. तिथले लोक थंडीत चालताना त्याचा तुकडा गालात धरून तासनतास चघळतात. हीच छुर्पी या शतकात नेपाळातून अमेरिकेत कुत्र्यांसाठी जाऊ लागली, आणि तिथून फिरून आपल्या दुकानांत आली. तिच्यात दुधाशिवाय फारसे काही नसते, निवळी निघून गेल्यामुळे दुधातली साखरही थोडीच उरते. शाकाहारी घरांना ती सोयीची वाटते. पण ती फार कठीण असते. दुधाच्या दातांच्या पिलाला ती देऊ नये; पक्के दात आल्यावरही नखाची कसोटी लावूनच द्यावी. तिचा शेवटचा आखूड तुकडा उरला की तो काढून घ्यावा. सूक्ष्मलहरींच्या भट्टीत, म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये, तो थोडा वेळ ठेवला तर लाहीसारखा फुगतो. मग पुरता थंड करून, हाताने कुस्करून द्यावा.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. माझा अनुभव असा की, चार महिन्यांच्या पिलाला सर्वांत आवडते ते थंडगार गाजर. जाड, अखंड गाजर धुऊन शीतकपाटात ठेवावे. थंडीने हिरड्या बधिर होतात आणि चावण्याची हौसही भागते. बारीक चकत्या करू नयेत. त्या घशात अडकतात. गाजराचा तुकडा बोटाएवढा उरला की तो उचलावा. दुसऱ्या दिवशी विष्ठेत गाजराचे कण दिसतील. ते अपेक्षितच आहे.

दुसरे, रताळे. आपल्या बेळगाव भागात रताळ्याला काय तोटा? रताळे सोलून त्याच्या लांबट, बोटाच्या जाडीच्या फोडी कराव्यात, अर्धवट वाफवाव्यात, आणि मंद आचेच्या भट्टीत त्या चामट होईपर्यंत वाळवाव्यात. चामट म्हणजे वाकतील पण मोडणार नाहीत अशा. अगदी खडखडीत वाळविल्या तर त्यांना टोके येतात. मीठ, तेल, मसाला काही लावावयाचा नाही. एकादशीला घरातल्या माणसांची रताळी शिजतात तेव्हा आमच्या वाऱ्याच्या फोडीही निघतात, आणि त्या दिवशी घरातला खरा उपासकरी तोच, असे नात म्हणते.

तिसरी वस्तू तर आपल्या उत्तर कर्नाटकाची मिरासच आहे: जोंधळ्याची कडक भाकरी. पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवलेली ही भाकरी महिनाभर टिकते. तिचा बिनमिठाचा एक चतकोर पिलापुढे टाकला तर ते तो पुढच्या दोन पायांत धरून मोठ्या मजेने मोडीत बसते. ती हिरड्यांना इजा करीत नाही, आणि तिचा भुगा पोटात विरघळतो. मुधोळच्या बाजूस मी शेतकऱ्यांच्या दारात अशा भाकरीवर वाढणारी पिले पाहिली आहेत. मात्र भाकरी हे चघळणे झाले, पुरा आहार नव्हे. वाढत्या पिलाला अंडे, दूध सोसत असेल तर दूध, मांस किंवा तयार पशुखाद्य असे पौष्टिक अन्न पाहिजेच. पुष्कळ घरांत प्रेमाची कमतरता नसते. पिलाच्या ताटातली प्रथिनेच कमी असतात.

आणि ज्यांना काहीच करावयाची सवड नाही, त्यांनी जुन्या जाड पंचाची गाठ मारून, ती भिजवून, थंड करून आपल्या डोळ्यांसमोर पिलाला चावावयास द्यावी. किंवा पोकळ रबरी खेळण्यात थोडा दहीभात भरून ते गोठवावे. दहा मिनिटांची सोय होते, आणि तेवढ्यात आपला चहा शांतपणे होतो.

आता अंगणातल्या व घरातल्या ज्या वस्तू धोक्याच्या आहेत, त्या सांगतो. कारण पिलू दुकानात जात नाही, अंगणात जाते. मक्याचे दाणे खाऊन झाल्यावर उरलेला बुरकंडा, आणि आंब्याची कोय, या दोन वस्तू आतड्यात जाऊन बसतात आणि शस्त्रक्रियेवाचून निघत नाहीत. आंब्याच्या दिवसांत कोयींची टोपली झाकून ठेवावी. उसाचे कांडे गोड असते, पण त्याचा चोथा पोटात जातो आणि साखर दातांना लागते. नारळाच्या शेंडीचे धागे असेच पोटात साठतात. वाळक्या काटक्यांच्या कुसळ्या टाळूत व जिभेखाली रुततात. आणि कण्हेर! आपल्या प्रत्येक फाटकापाशी कण्हेर उभी असते; तिची फांदी, पान, फूल सारेच हृदयाला घातक विष आहे. कण्हेरीची छाटणी केली की तिच्या काटक्या लगेच उचलाव्यात.

पिलाचा खाऊ घरी करताना कांदा, लसूण त्यात पडू देऊ नये. द्राक्षे, मनुका, बेदाणे तर मुळीच नकोत. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. हे असे का व्हावे याचा उलगडा बराच काळ होत नव्हता. २०२१ साली पशुवैद्यांनी असे निदर्शनास आणले की, द्राक्षांतले टार्टारिक आम्ल हे याचे कारण असावे. तेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असते, तेव्हा चिंचेचा कोळ घातलेली आमटीही पिलाच्या वाटेस जाऊ नये. शेंगदाण्याचे तयार लोणी खेळण्यात भरावयाचे असेल तर त्यात झायलिटॉल नावाची गोडी नाही ना, हे पाहावे. माणसाला निरुपद्रवी असलेली ही गोडी कुत्र्याला प्राणघातक ठरते.

वस्तू चांगली निवडली म्हणजे काम संपले असे नाही; ती द्यावी कशी हेही महत्त्वाचे आहे. नवी वस्तू एका वेळी एकच सुरू करावी, म्हणजे पोट बिघडले तर कशाने ते कळते. पिलू चघळत असताना आपण त्याच खोलीत असावे. पंधरा-वीस मिनिटांनी वस्तू उचलावी, धुऊन, पुसून ठेवावी. आणि उचलताना हिसकावू नये. हिसकावण्याने पिलू शिकते ते एवढेच की, माणूस जवळ आला म्हणजे वस्तू जाते. मग ते गुरगुरू लागते, किंवा घाईने गिळून टाकते. त्यापेक्षा दुसऱ्या हातात चांगला खाऊ धरावा, "सोड" म्हणावे, त्याने तोंड उघडले की खाऊ द्यावा, आणि क्वचित ती मूळ वस्तूही परत द्यावी. हा देवघेवीचा धडा आठ-दहा दिवसांत साधतो. पुढे कधी त्याच्या तोंडात कोय किंवा हाड सापडले, तर हाच एक शब्द त्याचा जीव वाचवितो. चघळणाऱ्या पिलाजवळ लहान मुलांना एकटे सोडू नये, हे वेगळे सांगावयास नको.

याच वयात पिलाचे दात खेळताना आपल्या हाताला लागतात, ओरखडा उठतो. पिसाळरोगावरची पहिली लस पिलाला साधारणतः तिसऱ्या महिन्याच्या सुमारास टोचतात. तेव्हा लस झालेली नसताना दाताने कातडी फुटली, तर "आपलेच पिलू" म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

शेवटी धोक्याची लक्षणे. पिलू पंजाने तोंड खाजवू लागले, लाळ गाळू लागले, उलटी येत असून काही पडेना, किंवा पुनःपुन्हा उलट्या झाल्या, अन्नपाणी सोडले, पोट ताठ झाले, पाठ वाकवून उभे राहिले, शौचास होईना, तर दिवस उजाडण्याची वाट पाहू नये. तूप, केळे, एरंडेल असले घरगुती उपाय करू नयेत. आतड्यात काही अडले असेल तर रेचकाने आतडे अधिक जोराने आवळते, आणि टोकदार वस्तू आत रुतते. गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. सरळ पशुवैद्याकडे जावे, आणि काय खाल्ले असावे ते खरेखरे सांगावे. आपली चूक लपविण्याने पिलाचे नुकसान होते.

हे शेवटचे वाक्य मी स्वतःला उद्देशून म्हणतो. १९८४ साली पशुवैद्यांनी विचारले, "काय खाल्ले याने?" तेव्हा मी म्हणालो होतो, "काही नाही, नेहमीचेच." हाड माझ्या हाताने घातले हे सांगावयाची मला लाज वाटली. सांगितले असते तर मोती वाचला असता असे नव्हे, तितका उशीर झालाच होता. परंतु ते मी सांगितले नाही, एवढे मात्र खरे, आणि आज आपल्यासमोर ते प्रथमच बोलतो आहे.

असो. अण्णांना मी हे सारे भिंतीपलीकडून सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग आत गेले आणि त्यांच्या परड्यातली चार जाडजूड गाजरे घेऊन आले. वाऱ्या आता पाच महिन्यांचा आहे. त्याचे वरचे दोन सुळे पडले, एक नातीने आगपेटीत जपून ठेवला आहे. पाटाचा कोपरा सुताराने बसवून दिला. पायताण मात्र मी नवे घेतले, आणि ते रात्री खुंटीवर टांगून ठेवतो. कारण चघळण्यास योग्य वस्तू देणे हे जसे आपले कर्तव्य, तसे अयोग्य वस्तू त्याच्या वाटेतून दूर ठेवणे हेही आपलेच. पिलाला बरे-वाईट कळत नाही. ते आपल्या हाताकडे पाहते, आणि त्या हातातून जे येईल ते चांगलेच असणार, असे धरून चालते. तो विश्वास आपण सांभाळला पाहिजे.